सेवक कोण? १९७७ च्या कौलाचा धडा

(येथील व्याख्यानमालेत ‘विरोधी पक्ष आणि मतदार’ या विषयावर आमच्या संपादकांनी केलेले भाषण अनेक श्रोत्यांच्या आग्रहावरून येथे देत आहोत.)



‘मायबाप’ हा आपल्या भाषेतील मोठा चमत्कारिक शब्द आहे. एरवी पाच वर्षे तो सरकारला चिकटलेला असतो. दाखल्यासाठी कचेरीच्या दारात ताटकळणारा माणूस ‘मायबाप सरकार’ म्हणूनच हात जोडतो. परंतु निवडणूक जाहीर झाली की हा शब्द सरकारचे घर सोडून मतदाराच्या ओसरीवर येऊन बसतो. ‘मायबाप मतदारहो, आम्ही आपले सेवक,’ अशी ललकारी गल्लोगल्ली ऐकू येऊ लागते. सत्तेतला उमेदवार सेवेची संधी पुन्हा मागतो, सत्तेबाहेरचा ती एकवार मागतो आणि परिवर्तनाची हाक देतो. मतमोजणी आटोपली की तो शब्द बिनबोभाट आपल्या जुन्या घरी परत जातो.

सत्ताधारी पक्षाचे आवाहन पारखणे त्या मानाने सोपे आहे. त्याच्या कारभाराचा पुरावा आपल्या डोळ्यांपुढे असतो. रस्ता झाला की नाही, नळाला पाणी आले की नाही, हे सांगावयास कोणा पंडिताची गरज नाही. विरोधी पक्षाचे आवाहन पारखणे मात्र अवघड. त्याच्या हाती सत्ताच नव्हती, मग हिशेब कशाचा मागावयाचा? केवळ शब्दांवर विसंबावयाचे काय? हा प्रश्न तुम्हांआम्हांला विशेष महत्त्वाचा आहे. कारण या भागातील मराठी माणूस बहुतेक काळ सत्तेच्या विरुद्ध बाजूस उभा राहिला आहे आणि विरोधी उमेदवारालाच त्याने आपला मानला आहे. जो आपला असतो त्याची परीक्षा आपण सैल हाताने घेतो. ती सैल हाताने घेऊ नये, एवढेच मला आज सांगावयाचे आहे. त्यासाठी मी आपणापुढे एक जुना दाखला ठेवणार आहे. विरोधी पक्षाने सेवेच्या नावाने परिवर्तन मागितले, जनतेने ते भरभरून दिले, आणि तीन वर्षांच्या आत ते परतही घेतले, असा हा दाखला आहे. तो आहे १९७७ सालचा.

सभागृहातील तरुण मंडळींसाठी थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. २५ जून १९७५ च्या रात्री देशात आणीबाणी पुकारली गेली. शहा आयोगाच्या अहवालाप्रमाणे त्या काळात ‘मिसा’खाली ३४,९८८ माणसे स्थानबद्ध झाली आणि भारत संरक्षण नियमांखाली ७५,८१८ जणांना अटक झाली. वृत्तपत्रातील मजकूर छापण्यापूर्वी सरकारी तपासनिसाच्या हातून जाऊ लागला. लोकसभेची पाच वर्षांची मुदत मार्च १९७६ मध्ये संपत होती. ती लोकसभेनेच वाढवून घेतली. म्हणजे ज्याला मालकाने पाच वर्षांच्या कराराने कामावर ठेवले, त्याने मालकाला न विचारता स्वतःच करार लांबविला. आणीबाणीच्या साऱ्या जुलमांत हा जुलूम दिसावयास सर्वांत सौम्य होता. परंतु माझ्या मते मुळावर घाव घालणारा हाच. सेवक आणि धनी यांच्या नात्यातील खरी गाठ त्याने तोडली.

पुढे १८ जानेवारी १९७७ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधींनी निवडणुकांची घोषणा केली. विरोधी पुढारी तुरुंगातून बाहेर येऊ लागले. त्यांच्याजवळ पैसा नव्हता, संघटना विस्कटलेली होती, आणि १६ मार्चला मतदान सुरू व्हावयाचे होते. दोन महिनेदेखील हाताशी नव्हते. संघटना काँग्रेस, जनसंघ, भारतीय लोकदल आणि समाजवादी पक्ष अशा चार पक्षांनी मिळून २३ जानेवारीला जनता पक्षाची घोषणा केली. स्वतःचे चिन्ह मिळविण्यासही सवड नव्हती. म्हणून लोकदलाचे चक्रातील नांगरधारी शेतकऱ्याचे चिन्ह बहुतेक ठिकाणी वापरण्यात आले. २ फेब्रुवारीला बाबू जगजीवनराम मंत्रिमंडळातून बाहेर पडले आणि वाऱ्याची दिशा फिरली. त्यानंतर रामलीला मैदानावर विरोधकांची जंगी सभा झाली. त्या सायंकाळी लोकांनी घरी बसावे म्हणून दूरदर्शनवर ‘बॉबी’ हा गाजलेला चित्रपट लावण्यात आला. तरीही मैदान भरून वाहिले!

या पक्षाचे आवाहन तरी काय होते? त्याच्या जाहीरनाम्याने भाकरी आणि स्वातंत्र्य या दोहोंची हमी दिली होती. आणीबाणीचे समर्थक तेव्हा सर्वत्र असे सांगत की, गरिबाला पोटाची चिंता, त्याला स्वातंत्र्याचे काय होय! गाड्या वेळेवर धावतात, संप बंद झाले, मग आणखी काय हवे? जाहीरनाम्याचे उत्तर असे की, भाकरी आणि स्वातंत्र्य यांपैकी एक निवडण्याची पाळी गरिबावर आणणेच मुळी अन्यायाचे आहे. ज्याला बोलता येत नाही त्याच्या ताटातील भाकरी कोणी उचलून नेली तर तो सांगणार कोणाला? या आवाहनाच्या मागे एक आजारी वृद्ध उभा होता. जयप्रकाश नारायणांची मूत्रपिंडे निकामी झाली होती, मुंबईच्या जसलोक रुग्णालयातील यंत्रावर त्यांचे रक्त शुद्ध करावे लागे. त्यांना स्वतःला कोणतेही पद नको होते. ते कोठूनही उमेदवार नव्हते. स्वतःसाठी काही न मागणारा माणूस दुसऱ्यासाठी मते मागतो, तेव्हा त्या मागण्याला वेगळेच वजन येते.

महाराष्ट्रात तर वाणीच्या उपासकांनीही आपले कर्तव्य ओळखले होते. डिसेंबर १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवतांनी, यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष असलेल्या त्या मंडपात, जयप्रकाशांच्या आरोग्यासाठी श्रोत्यांना उभे राहून प्रार्थना करावयास लावली होती. पुढे त्यांना तुरुंगही पाहावा लागला. १९७७ च्या प्रचारात पु. ल. देशपांडे व्यासपीठावरून बोलले आणि हसविता हसविता त्यांनी लोकांना गंभीर केले.

निकाल आपणांस ठाऊक आहे. १९७१ साली ३५२ जागा जिंकणारी काँग्रेस १५४ वर आली. जनता पक्षाच्या चिन्हावर २९५ जण निवडून आले. उत्तर प्रदेशातील ८५ पैकी ८५ आणि बिहारातील ५४ पैकी ५४ जागा काँग्रेसच्या हातून गेल्या. खुद्द पंतप्रधान रायबरेलीत ५५ हजारांहून अधिक मतांनी पराभूत झाल्या. इंदूर-ग्वाल्हेरकडील आपल्या बांधवांच्या मध्य प्रदेशात चाळीसांपैकी अवघी एक जागा काँग्रेसला मिळाली. परंतु आपल्या कर्नाटकात तिने २८ पैकी २६ जागा राखल्या, आणि हैदराबाद ज्या आंध्रात होते तेथे ४२ पैकी ४१.

या विषम कौलावर थोडे थांबावे असे मला वाटते. दक्षिणेच्या लोकांना स्वातंत्र्य प्रिय नव्हते काय? तसे म्हणणे हा त्यांचा अपमान होईल. उत्तरेत सक्तीच्या नसबंदीचा आणि घरांच्या पाडापाडीचा वरवंटा उंबरठ्यापर्यंत आला होता. दक्षिणेत तो त्या मानाने फारसा फिरला नव्हता. मतदाराने आपल्या अंगणात जे पाहिले त्यावर शिक्का मारला. यावरून विरोधी पक्षाने एक गोष्ट शिकावी. तत्त्व कितीही थोर असो, ते मतदाराच्या अंगणातील दुःखाशी जोडून दाखविता आले पाहिजे. ज्याला ते दुःख ठाऊकच नाही, त्याने तत्त्वाच्या गोष्टी दूरवरून सांगू नयेत.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सत्ता हाती नसलेल्या माणसाचे सेवकपण ओळखावयाचे कसे? १९७७ साली लोकसभेत गेलेल्या तीन मराठी माणसांची चरित्रे मला या प्रश्नाची तीन उत्तरे देतात.

पहिले उत्तर मृणाल गोरे यांचे. मुंबईच्या गोरेगावात पिण्याच्या पाण्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे झगडा केला. झोपडपट्टीतील बाईच्या डोक्यावरचा हंडा हा त्यांच्या राजकारणाचा प्रारंभ होता. लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ हीच पदवी दिली. १९७२ च्या महागाईत हजारो गृहिणी हातात लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, त्यांच्या अग्रभागी त्या होत्या. उत्तर मुंबईने त्यांना लोकसभेत पाठविले ते या पूर्वपुण्याईवर. म्हणून पहिली कसोटी अशी: सत्ता नव्हती तेव्हा या माणसाने काय केले? ‘माझ्या हाती सत्ता नव्हती, म्हणून काही करता आले नाही,’ असे जो म्हणतो, त्याला सत्ता मिळाल्यावरही काही करता यावयाचे नाही. पाण्याच्या मोर्चाला आमदारकी लागत नाही. रुग्णालयात गरिबाचा हक्क मिळवून देण्यास मंत्रिपद लागत नाही. सेवा ही सत्तेच्या आधी सुरू होते. जी सत्तेनंतर सुरू होणार असते ती केवळ सेवेची जाहिरात होय.

दुसरे उत्तर मधू लिमये यांचे. पुण्यात जन्मलेला हा माणूस १९५५ साली गोव्याच्या सत्याग्रहात गेला. पोर्तुगीज न्यायासनाने त्याला बारा वर्षांची शिक्षा ठोठावली आणि सुटका १९५७ साली झाली. पुढे बिहारच्या जनतेने त्याला लोकसभेत पाठविले. भाषा वेगळी, जात वेगळी, प्रांत वेगळा, तरी बिहारी शेतकऱ्याने या मराठी माणसाला आपला मानले. १९७६ मध्ये लोकसभेने आपली मुदत वाढविली तेव्हा लिमये तुरुंगात होते. त्यांनी तेथूनच राजीनामा धाडला. शरद यादवांनीही तेच केले. त्या राजीनाम्यातील युक्तिवाद आपल्या शेतावरचा गडीसुद्धा समजू शकेल. पाच वर्षांसाठी लोकांनी नेमले होते, पाच वर्षे संपली. पुन्हा नेमणूक झाल्यावाचून या खुर्चीवर बसण्याचा अधिकार मला नाही. पुढील आयुष्यात त्यांनी खासदारकीचे निवृत्तिवेतनही घेतले नाही. तेव्हा दुसरी कसोटी ही: मुदत संपली असता हा माणूस उठतो काय? धन्याने ‘जा’ म्हटल्यावर जो जातो तो सेवक. ‘जा’ म्हणण्याचा धन्याचा अधिकारच जो काढून घेतो, त्याने पायांवर कितीही डोके ठेवले तरी तो सेवक नव्हे.

येथे न्यायबुद्धीने एक नोंद केली पाहिजे. निकाल विरुद्ध गेल्यावर इंदिराबाईंनी तो मानला, २१ मार्चला आणीबाणी उठली आणि त्या सत्तेवरून दूर झाल्या. लोकशाहीचे घर पुन्हा उभे राहिले त्यात या गोष्टीचाही वाटा आहे. प्रतिपक्षाचे देणे प्रामाणिकपणे मान्य करणे हादेखील विरोधी राजकारणाचा धर्म आहे.

तिसरे उत्तर राजापूरचे खासदार प्राध्यापक मधू दंडवते यांचे. आणीबाणीत ते बंगळूरच्या तुरुंगात होते. जनता राजवटीत ते रेल्वेमंत्री झाले. १९७४ च्या रेल्वे संपात ज्यांच्या नोकऱ्या गेल्या होत्या त्या कामगारांना त्यांनी परत कामावर घेतले. परंतु मला त्यांची आठवण आणखी एका साध्या गोष्टीसाठी होते. त्या काळी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात उघड्या लाकडी फळ्या असत. रात्रभराच्या प्रवासानंतर सकाळी म्हाताऱ्या माणसाला धरून उतरवावे लागे. दंडवत्यांनी त्या फळ्यांवर दोन इंच जाडीच्या गाद्या बसविण्याचे काम हाती घेतले. डिसेंबर १९७७ मध्ये सुरू झालेली हावडा-मुंबई गीतांजली एक्स्प्रेस वर्गभेद नसलेली गाडी म्हणून धावू लागली. ही पहिल्या वर्गाची गादी काढून घेणारी समता नव्हती, दुसऱ्या वर्गाला गादी देणारी समता होती. आज मिरजेहून वा बेळगावहून रात्रीच्या गाडीने निघणारा विद्यार्थी त्या गादीवर निवांत झोपतो आणि ती कोणामुळे आली हे त्याला ठाऊकही नसते. खऱ्या सेवेची हीच खूण आहे. तिच्यावर कोणाचे नाव कोरलेले नसते. म्हणून तिसरी कसोटी: अधिकार हाती येताच या माणसाचे लक्ष प्रथम कोणाच्या पाठीकडे जाईल? गादीवर बसलेल्याच्या, की फळीवर पडलेल्याच्या?

या तीन कसोट्या झाल्या व्यक्तीच्या. पक्षाची कसोटी याहून कठीण असते आणि जनता पक्षाचे यशापयश तेथेच सामावले आहे.

२४ मार्च १९७७ रोजी जनता पक्षाचे नवे खासदार राजघाटावर जमले. महात्माजींच्या समाधीपाशी जयप्रकाशांनी त्यांना शपथ दिली. साधेपणाने आणि सचोटीने राहू, दुर्बलांची सेवा करू, नागरिकांच्या हक्कांचे रक्षण करू, अशा आशयाची ती शपथ होती. स्थळ योग्यच होते. गांधीजींनी आपल्या मृत्यूच्या आदल्या दिवशी काँग्रेससाठी जो मसुदा लिहिला, त्यात तिने सत्तेचा पक्ष म्हणून न राहता लोकसेवक संघ व्हावे असे सुचविले होते. त्याआधी १९०५ साली पुण्यात गोपाळराव गोखल्यांनी आपल्या संस्थेला ‘भारत सेवक समाज’ असेच नाव दिले. सेवक हा शब्द आपल्या सार्वजनिक जीवनात निवडणुकीच्या भित्तिपत्रकातून आलेला नाही. त्याला त्यागाचा मोठा वारसा आहे, आणि म्हणूनच तो स्वस्त झालेला पाहून चीड येते.

या शपथेचा काही भाग जनता पक्षाने खरा केला, हे मान्य केलेच पाहिजे. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आणीबाणीची वाट अरुंद झाली. ‘अंतर्गत अशांतता’ या मोघम शब्दांच्या जागी ‘सशस्त्र उठाव’ हे शब्द आले. मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला आवश्यक ठरला. जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही असे ठरले. आणि लोकसभेची मुदत पुन्हा पाच वर्षांची झाली. त्याहून मला मोलाची वाटते ती १९७७ च्या कायद्याची गोष्ट. त्या कायद्याने संसदेतील विरोधी पक्षनेत्याला अधिकृत दर्जा आणि वेतन मिळाले. त्या वेळी लोकसभेत विरोधी पक्षनेते होते यशवंतराव चव्हाण. कालपर्यंत जे तुरुंगात होते त्यांनी सत्तेवर येताच, कालपर्यंत सत्तेत असलेल्यांच्या टीकेच्या हक्काला कायद्याचे कवच दिले. पक्षाची कसोटी हीच होय: ज्या हक्काच्या बळावर तुम्ही विरोधक म्हणून जगलात, तो हक्क तुमच्या विरोधकाला तुम्ही देता काय?

मग असा पक्ष तीन वर्षेही का टिकला नाही?

कारण सेवकांत धाकटा-थोरला कोण याचे भांडण लागले. मोरारजीभाई, चरणसिंग आणि जगजीवनराम या तिघांनाही पंतप्रधानपद आपले वाटत होते. जून १९७८ मध्ये चरणसिंग मंत्रिमंडळातून बाहेर गेले, जानेवारी १९७९ मध्ये उपपंतप्रधान होऊन परत आले. जनसंघातून आलेल्यांच्या दुहेरी निष्ठेचा वाद पेटला. तो उपस्थित करणाऱ्यांत लिमयेही अग्रभागी होते. प्रश्न तत्त्वाचा असेल. परंतु ज्या घराचे वासे अजून बसावयाचे होते, ते या वादाच्या धक्क्यांनी हलले हेही तितकेच खरे. जुलै १९७९ मध्ये चव्हाणांनी अविश्वासाचा ठराव आणला आणि मोरारजींनी राजीनामा दिला. चरणसिंग पंतप्रधान झाले, चव्हाण त्यांचे उपपंतप्रधान. आणि लोकसभेला एकदाही सामोरे न जाता हे सरकार २० ऑगस्ट १९७९ रोजी राजीनामा देऊन मोकळे झाले. ८ ऑक्टोबरला जयप्रकाशांनी देह ठेवला. आपण लावलेल्या झाडाची फांदी न् फांदी तुटताना पाहून ते गेले.

आणि दिल्लीतील ही मंडळी परस्परांची मापे काढीत असता सेवकाची जागा रिकामी राहिली होती काय? नव्हती. राजकारणात ती जागा फार काळ रिकामी राहत नाही. मे १९७७ मध्ये बिहारच्या बेलछी गावी दलितांचे भीषण हत्याकांड झाले. ऑगस्टमध्ये तेथे पोहोचल्या त्या पराभूत इंदिरा गांधी. वाटेत चिखल होता, मोटार चालेना, तेव्हा त्या हत्तीवर बसून गेल्या. त्यात राजकारण नव्हते असे कोण म्हणेल? परंतु ज्यांची माणसे मारली गेली होती त्यांच्या दृष्टीने हिशेब साधा होता. कोण आले आणि कोण आले नाही? नोव्हेंबर १९७८ मध्ये कर्नाटकातील चिकमगळूरने त्यांना पुन्हा लोकसभेत पाठविले, आणि जानेवारी १९८० च्या निवडणुकीत देशाने त्यांच्या पक्षाला ३५३ जागा दिल्या. जनता पक्षाच्या वाट्यास ३१ आल्या. त्या निवडणुकीत कांद्याचा भडकलेला भाव मोठा बोलका झाला होता. ज्यांनी भाकरी आणि स्वातंत्र्य दोन्ही देऊ म्हटले, त्यांना भाकरीबरोबरच्या कांद्याचा जाब विचारला गेला!

काही विद्वान म्हणतात, मतदार चंचल आहे. १९७७ साली एक म्हणाला, १९८० साली दुसरे. मला हे मुळीच मान्य नाही. मतदार दोन्ही वेळी एकच गोष्ट बोलला. ‘मी धनी आहे,’ असे तो पहिल्या वेळी सत्ताधाऱ्यांना म्हणाला आणि दुसऱ्या वेळी त्यांच्या जागी आलेल्यांना म्हणाला. चूक त्याची झाली असेल तर एवढीच की, या दोन वेळांच्या मधल्या काळात तो गप्प बसला. नेते भांडू लागले तेव्हा गावोगावच्या मतदारांनी त्यांना सभेत बोलावून विचारावयास हवे होते, ‘राजघाटावर काय बोललात?’ तसे झाले नाही. परिवर्तन मागणाऱ्याला मत दिले म्हणजे आपले काम संपले, उरलेले काम त्याचे, अशी समजूत आपण करून घेतो. वस्तुतः गडी कामावर ठेवला म्हणजे धन्याचे काम संपत नाही, तेथून ते सुरू होते.

बंधुभगिनींनो, हे सारे दिल्लीचे पुराण मी आपणांस का ऐकवीत आहे? आपल्या घरचे चित्र फार वेगळे आहे काय? सीमाभागातील मराठी मतदाराने २०१३ साली एकीकरण समितीचे दोन आमदार कर्नाटकाच्या विधानसभेत पाठविले. २०१८ साली एकही गेला नाही आणि २०२३ सालीही नाही. याची कारणे अनेक आहेत. मतदारसंघ बदलले, मोठ्या पक्षांचा पैसा आला, नव्या पिढीच्या चिंता निराळ्या झाल्या. परंतु २०१८ मध्ये आपल्याच गटांचे उमेदवार एकमेकांसमोर उभे राहिले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. भाषेची निष्ठा दोघांचीही तीच, घोषणाही तीच. वाद होता तो सेवकांत थोरला कोण, एवढाच. ज्या मतदाराने तीन पिढ्या पदरमोड करून लढा जिवंत ठेवला, त्याच्यापुढे दोन सेवक येतात आणि ‘आमच्यापैकी खरा कोण ते तूच ठरव’ म्हणतात, तेव्हा तो कंटाळून तिसऱ्याकडे वळला तर दोष कोणाला द्यावयाचा?

मी कोणा गटाचे नाव घेत नाही, घेण्याचे कारणही नाही. मी मतदाराशी बोलतो आहे. उद्या जे कोणी, कोणत्याही पक्षाचे वा गटाचे, आपल्या दाराशी परिवर्तनाची हाक घेऊन येतील, त्यांना घरात घ्या, पाणी द्या आणि शांतपणे चार प्रश्न विचारा. गेली पाच वर्षे तुम्ही कोठे होता आणि आमच्या कोणत्या कामासाठी कोणत्या कचेरीची पायरी चढलात? निवडून आला नाहीत तर उद्यापासून काय कराल? निवडून आलात तर पहिले काम फळीवर झोपणाऱ्याचे कराल की गादीवाल्याचे? आणि तुमच्या माणसांत भांडण झाले तर ते मिटविण्यासाठी कोणापुढे याल, दिल्ली-बंगळूर-मुंबईच्या दरबारात, की आमच्या या चौकात? जो चौथ्या प्रश्नाला ‘तुमच्या चौकात’ असे उत्तर देईल, त्याचे शब्द लिहून ठेवा.

लिहून ठेवा, असे मी अक्षरशः म्हणतो. प्रत्येक गल्लीतील तरुण मंडळाने, प्रत्येक गावच्या वाचनालयाने निवडणुकीत आलेले जाहीरनामे फेकून न देता एका फायलीत लावून ठेवावेत. वर्षातून एक दिवस ठरवून निवडून आलेल्याला आणि पडलेल्यालाही सभेस बोलवावे, आणि तो कागद त्यांच्यापुढे वाचावा. पडलेल्याला आवर्जून बोलवा. कारण पराभवानंतरही जो हिशेब द्यावयास येतो, पुढच्या वेळी मत मागण्याचा त्याचा अधिकार सर्वांत मोठा. याला पैसा लागत नाही, परवानगी लागत नाही. लागते ती थोडी स्मरणशक्ती आणि थोडा निर्भीडपणा. सीमाभागातील मराठी माणसाजवळ या दोहोंची वाण कधीच नव्हती.

जयप्रकाशांच्या आवाहनाने १९७७ साली एक सरकार गेले आणि दुसरे आले. ते दुसरेही गेले. परंतु चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती राहिली, विरोधी पक्षनेत्याचा कायदा राहिला, दुसऱ्या वर्गाच्या फळीवरची गादी राहिली. माणसे ज्या क्षणी खुर्चीसाठी भांडत होती त्यातले काहीच उरले नाही. ज्या क्षणी ती सेवक होती त्यातले सारे उरले. मत मागावयास येणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, आणि मत देणाऱ्यांनी तर ते कधीच विसरू नये.